सीसीडी, सीसीडी म्हणतात ते काय? निकॉन डी४०, ऑलिम्पस ई-५०० आणि पहिला कॅनन ५डी वापरल्यानंतर

जुन्या डीएसएलआरचे (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचे) सेकंडहँड भाव हल्ली चढलेत. विकणाऱ्याला कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, सीसीडी आहे." सीसीडी हा कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, जुना प्रकार; सीमॉस हा पुढे सर्रास झालेला दुसरा. आंब्याच्या पेटीवर देवगडचा शिक्का असला की आतलं फळ कुणी चाखून बघत नाही, तसं या एका शब्दाचं झालंय. सीसीडीचे रंग फिल्मसारखे, सीमॉसचे रंग प्लास्टिकसारखे, सीसीडीत त्वचा जिवंत दिसते वगैरे वगैरे. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून म्हटलं आपणच वापरून बघू.

मी साताऱ्याचा. फोटो हौसेखातर काढतो, ऑर्डर घेत नाही. नातेवाइकांच्या लग्नात फुकटचा फोटोग्राफर म्हणून राबतो, तेवढंच. गेल्या पावसाळ्यापासून यंदाच्या लग्नसराईपर्यंत तीन कॅमेरे आलटून पालटून वापरले. आधीच सांगतो: सीसीडी आहे म्हणून रंग वेगळे येतात, यात मला फारसं तथ्य आढळलं नाही. सेन्सरमुळे ठरतं ते वेगळंच काहीतरी. कॅमेरा कुठे साथ देतो आणि कुठे ऐनवेळी मान टाकतो, ते त्याच्यावर असतं. आणि त्या जागा तिघांच्याही निराळ्या आहेत.

कॅमेरे असे. निकॉन डी४०, २००६ सालचा, ६.१ मेगापिक्सेल, सोनीचा सीसीडी. ऑलिम्पस ई-५००, २००५ सालचा, ८ मेगापिक्सेल, कोडॅकचा सीसीडी. आणि पहिला कॅनन ५डी, तोही २००५चाच, १२.८ मेगापिक्सेल, कॅननचा स्वतःचा सीमॉस, फुल फ्रेम म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत डी४० किट लेन्ससकट ६०० डॉलरला होता आणि ५डीची नुसती बॉडी ३,२९९ डॉलरला. मला ५डी मिळाला तो एका मध्यम मोबाइलच्या निम्म्या किमतीत. डी४० त्याहून बराच स्वस्त पडला. ई-५०० एका ओळखीच्या काकांनी "कपाटात पडून आहे, घेऊन जा" म्हणून दिला.

तुलना करायची तर लेन्स एकच हवी, नाहीतर आपण सेन्सर बघतोय की काच, हेच कळत नाही. इथे निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स कामी येतात. लेन्सच्या बैठकीपासून (माउंटपासून) सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनचं ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४, ऑलिम्पसचं त्याहून कमी. त्यामुळे पातळ रिंग लावली की निकॉनची लेन्स त्या दोघांवर बसते आणि अनंतापर्यंत फोकसही होते. माझ्याकडे ५० एमएम एफ/१.८ची जुनी, ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) हाताने लहान-मोठं करायच्या रिंगची लेन्स होती. तीच तिन्हींवर चढवली. डी४०वर ती बसते, पण लाइट मीटर बंद होतो. अंदाजाने शटर लावायचं, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा, पुन्हा लावायचं. दोन दिवसांत हात बसतो. फ्रेम अर्थातच सारखी येत नाही: ५डीवर ५०ची ५०च राहते, डी४०वर ७५सारखी वागते, ई-५००वर १००सारखी. मग आपणच मागेपुढे व्हायचं.

आता थोडं आतलं, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. सीसीडी असो की सीमॉस, प्रकाश पकडणारं सिलिकॉन एकच. प्रकाशाचा कण पडला की त्यात चार्ज तयार होतो. फरक त्यानंतरचा. सीसीडीत तो चार्ज एका खान्यातून शेजारच्या खान्यात सरकवत सरकवत सेन्सरच्या कडेपर्यंत नेतात आणि तिथे मोजतात. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलजवळच त्याचं व्होल्टेज होतं आणि तारेवरून बाहेर येतं. बस. यात रंग कुठे आला? सिलिकॉनला रंग कळतच नाही. रंग येतो तो वर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या जाळीतून. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. त्याच्यावर आणखी एक काच असते, इन्फ्रारेड अडवणारी. मग कॅमेऱ्यातलं प्रोसेसिंग. या तिन्ही गोष्टींपैकी एकही "सीसीडी" नव्हे.

वरच्या त्या काचेचं महत्त्व किती, हे बघायचं तर लायकाचा एम८ आठवावा. २००६चा, त्यातही कोडॅकचाच सीसीडी. इन्फ्रारेड अडवणारी काच त्यांनी पातळ ठेवली, तर सिंथेटिक कापडाचे काळे कोट फोटोत जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीने लेन्सवर लावायचे फिल्टर ग्राहकांना वाटले.

तरीही मला पटकन निकाल द्यायचा नव्हता, कारण माझे तिन्ही कॅमेरे तीन आकारांचे, तीन कंपन्यांचे. म्हणून मित्राचा निकॉन डी९० काही आठवडे उसना आणला. २००८चा, १२.३ मेगापिक्सेल, सीमॉस. डी४० आणि डी९०चा सेन्सर जवळजवळ एकाच आकाराचा, कंपनी एक, लेन्स एक, दोघांचाही मूळ आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची तीव्रता) २००. याहून सरळ सामना मिळणं अवघड. दोन्हींवर चोवीस चौकोनांचा कलर चार्ट त्याच उन्हात टिपला, प्रत्येकाचे रंग चार्टशी जुळवून घेणारं प्रोफाइल बनवलं आणि रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) त्या प्रोफाइलने उघडल्या. सहा मेगापिक्सेलला झेपतील अशा आठ बाय बाराच्या प्रिंट काढल्या आणि घरात फिरवल्या.

माझी भाची कॉलेजात आहे, "डिजिकॅम"च्या, म्हणजे जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, वेडातली. तिने एक प्रिंट उचलली. "मामा, ही सीसीडी. बघ ना, केवढी मऊ आहे!" ती डी९०ची होती. तिला चिडवायचा हेतू नव्हता, मलाही मागचा शिक्का वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. प्रोफाइल न लावता कॅमेऱ्यातून थेट आलेल्या, त्यानेच रंग ठरवलेल्या जेपेग शेजारी ठेवल्या, तेव्हा मात्र दोन्ही लगेच ओळखू आल्या. डी४०चं जेपेग मुळातच उजळ आणि गडद रंगांचं. लोक ज्याला सीसीडीचा रंग म्हणतात तो बहुतेक वेळा २००५-०६च्या इंजिनिअरने ठरवलेला जेपेगचा रंग असतो. आणि तो छान आहे, याबद्दल वाद नाही. डी४०ची जेपेग मी आजही एडिट न करता पाठवतो.

प्रोफाइल लावूनही एक रंग हट्टाने वेगळा राहिला. जांभळा. भाद्रपदात कासला गेलो होतो. सीतेची आसवं हे फूल डोळ्याला निळसर जांभळं दिसतं. माझ्या डी४०ने ते सरळ निळं करून टाकलं. ५डीने जांभळ्याकडे झुकवलं, किंचित गुलाबी छटेसह. ई-५०० डोळ्याला दिसतं त्याच्या सगळ्यांत जवळ गेला. याचं कारण लाल फिल्टरमध्ये आहे. जांभळ्या टोकाचा प्रकाश लाल फिल्टर किती झिरपू देतो, त्यावर कॅमेऱ्याला जांभळा "कळतो" की नुसता निळा वाटतो ते ठरतं. फिल्टरमधल्या रंगद्रव्याचा तो गुण. बाजूलाच तेरड्याचा गुलाबी गालिचा होता, तो तिघांनीही व्यवस्थित टिपला. म्हणजे कुणी "या कॅमेऱ्याचे रंग भारी" म्हणालं तर विचारावं, कुठला रंग?

ऑलिम्पसच्या निळ्या आभाळाची ख्याती मात्र खोटी नाही. पावसाने उघडीप दिल्यावर सज्जनगडाच्या वाटेवर काढलेल्या फोटोंत आभाळ असं उतरलंय की बाकी दोघांच्या फायली त्याच्यापुढे फिक्या वाटतात. तेही जेपेगमध्येच. रॉमध्ये गेलं की अर्धं श्रेय गळून पडतं.

आता पिवळ्याकडे वळू. चंपाषष्ठीला जेजुरीला तिन्ही कॅमेरे घेऊन गेलो आणि लेन्स बदलायची नाही, असं घरूनच ठरवून गेलो. भंडारा उधळला जातो तिथे कॅमेऱ्याचं तोंड उघडणं म्हणजे सेन्सरची तळी भरण्यासारखं आहे. हळद हा सेन्सरसाठी दुष्ट रंग. ती लाल आणि हिरवा प्रकाश भरपूर परत फेकते, निळा जवळजवळ खाऊन टाकते. त्यामुळे लाल चॅनेल सगळ्यांत आधी भरून वाहतो. लाल थांबला आणि हिरवा वाढतच राहिला, की केशरी झाक असलेली हळद लिंबाच्या सालीसारखी पिवळी दिसायला लागते. माझ्या डी४०ने दुपारच्या उन्हात नेमकं तेच केलं. पायऱ्यांवर सांडलेला भंडारा एक सपाट लिंबोणी डाग, त्यात कणच नाहीत. एका माणसाच्या खांद्यावर हळदीचा थर होता, सदऱ्याची वीण त्या थरातून दिसत होती. डी४०च्या फोटोत वीण गायब. एक्स्पोजर उणे ०.७ केल्यावर, म्हणजे प्रकाश थोडा कमी घेतल्यावर, ती परत आली. ५डीवर तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघता येतो, त्यामुळे लाल कडेला टेकला की लगेच कळतं आणि आपण आवरतं घेतो. सरासरी हिस्टोग्राम अशा वेळी फसवतो: सगळं मधोमध, आलबेल, आणि हळद जळालेली.

त्याच संध्याकाळी डी४०चा दुसरा अवगुण दिसला, आणि हा शंभर टक्के सीसीडीचा. दीपमाळेमागे सूर्य होता. शटर वेगात होतं. फोटोत सूर्यापासून फ्रेमच्या कडेपर्यंत एक सरळ पांढरट पट्टा. लेन्सचा फ्लेअर असा रेघ मारल्यागत येत नाही. डी४०च्या सीसीडीत चार्ज वाहून नेणाऱ्या झाकलेल्या गल्ल्या पिक्सेलच्या बाजूनेच जातात. वेगवान शटरला हा कॅमेरा शटरच्या पडद्यावर विसंबत नाही, सेन्सरच एक्स्पोजर सुरू-बंद करतो. सूर्यासारखा भगभगीत बिंदू असला की झाकलेल्या गल्लीतही प्रकाश गळतो आणि पूर्ण रांग खराब होते. ई-५००मधला कोडॅकचा सीसीडी वेगळ्या जातीचा आहे, त्यात अशा गल्ल्या नाहीत, शटरचं सगळं काम पडद्याचं; त्याने हा पट्टा एकदाही दाखवला नाही. म्हणजे "सीसीडी" या एका नावाखालीच दोन तऱ्हा.

पण याच गल्ल्यांमुळे डी४०मध्ये एक असा गुण आहे, ज्यासाठी मी तो विकणार नाही. फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यांत वेगवान शटर, १/५०० सेकंद. ५डीचं १/२००, ई-५००चं १/१८०. आकडे वाचून काही वाटत नाही, भर दुपारी अंगणात हळद लागत असताना वाटतं. नवरदेव मांडवाच्या झावळ्यांखाली, चेहरा काळा, मागचं अंगण पांढरंफटक. ५डीवर १/२००ला अंगण जळू नये म्हणून छिद्र एफ/१६पर्यंत बारीक करावं लागतं, आणि एफ/१६ला चेहरा उजळायला माझा छोटा फ्लॅश पुरत नाही. डी४०वर १/५०० लावलं, एफ/१०वर आलो, तोच फ्लॅश तोच चेहरा सहज उजळतो. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून साधा ट्रिगर लावला तर १/५००च्याही पुढे जाता येतं, कारण अर्धवट उघडा पडदा फ्लॅशच्या आड येतच नाही. हजारो रुपयांच्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांनाही हे हाय-स्पीड सिंकच्या द्राविडी प्राणायामाशिवाय जमत नाही. सीसीडीची जादू म्हणायची तर ही म्हणा. भाचीच्या डिजिकॅमचा "लूक" म्हणजे तरी काय, अंगावर सरळ मारलेला झेनॉन फ्लॅश आणि जेपेगचे भडक रंग. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग तो फ्लॅशवालाच दे ना मला, मामा." दिला नाही.

अंधार पडला की चित्र पालटतं. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली ई-५०० आयएसओ ४००पर्यंत ठीक, ८००ला नाक मुरडावं लागतं, १६०० मी वापरतच नाही. डी४० ८००पर्यंत खुशाल, १६००ला नॉइज दिसतो पण बारीक, फिल्मच्या दाण्यासारखा. कृष्णधवल केलं तर आवडूही शकतो. ५डी १६००ला निवांत. इथे लोक सीमॉसचा जयजयकार करतात. पण सेन्सरचा आकार बघा: ५डीचा जवळजवळ ८५६ चौरस मिलिमीटर, डी४०चा ३७०, ई-५००चा २२५. ५डी डी४०च्या सव्वादोन पटीहून अधिक प्रकाश गोळा करतो, ई-५००च्या पावणेचार पटीहून अधिक. यातला मोठा हिस्सा निव्वळ क्षेत्रफळाचा. सीमॉसचं स्वतःचं श्रेय बघायचं तर डी९० आणि डी४० एकाच आयएसओला लावा. ८००नंतर डी९० स्पष्ट पुढे जातो, अंतर ५डीइतकं नाही, पण आहे. आणि हेच तंत्र पुढे जिंकलं. निकॉनच्या डीएसएलआरमधला शेवटचा सीसीडी २००९च्या डी३०००मध्ये होता. त्याच वर्षी विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सीसीडीच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध १९६९चा, बेल लॅब्जमधला. सोनीने २०१५मध्ये सीसीडीचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं.

५डीत खोट नाही असं नाही. सावल्या नंतर एडिट करताना दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर ओढल्या की माझ्या बॉडीत बारीक आडव्या रेघा दिसतात, विशेषतः काळ्या कोटावर. नव्या कॅमेऱ्याची सवय असलेला माणूस "नंतर उचलू" म्हणून कमी एक्स्पोज करतो आणि इथे अडकतो. ५डीला पुरेसा प्रकाश द्यायचा, हायलाइट सांभाळत. डी४०ला उलट, थोडा कमीच. ई-५०० दोन्हीकडून चिमटीत धरतो, त्याला प्रकाश मोजूनच द्यावा लागतो. तिघांसाठी तीन सवयी ठेवणं, हे रोजच्या वापरातलं खरं ओझं.

मे महिन्यात अकोल्याला लग्न होतं. पारा ४४च्या आसपास. सेन्सरमधला अंधारातला, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा, करंट दर सहा ते आठ अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीत स्वच्छ असलेला सेन्सर विदर्भाच्या उन्हात ठिपके दाखवणारच. रात्री वरातीत दहा-वीस सेकंदांचे एक्स्पोजर घेतले तर ई-५००वर लाल-निळ्या ठिपक्यांची रांगोळी. गंमत म्हणजे त्यातली कोडॅकची चिप, केएएफ-८३००, आकाशनिरीक्षकांची फार लाडकी. पण त्यांच्या कॅमेऱ्यांत ती विजेवर चालणाऱ्या कूलरने थंड केलेली असते. आपल्याकडे वऱ्हाडी पंखा. ऑलिम्पसच्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंग आहे, ते चालवल्यावर कायमचे मेलेले ठिपके लपले. डी४०ला ती सोय नाही, तिथे रॉ उघडतानाच सॉफ्टवेअरकडून पुसून घेतो. तिन्हींच्या रॉ फाइल डार्कटेबल आणि रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये आजही बिनतक्रार उघडतात, हे मोठंच सुख.

धुळीबद्दल थोडक्यात: ई-५००मध्ये सेन्सरसमोरची काच अल्ट्रासॉनिक कंपनाने धूळ झटकते आणि ते खरंच चालतं. ५डीत काहीही नाही, एफ/११ला आभाळात ठिपकेच ठिपके. हवेचा फुगा कायम पिशवीत.

घ्यायचाच असेल तर बघून घ्या. एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धूळ आणि बुरशी तपासा; आपल्याकडचे पावसाळे काढलेल्या वस्तूंवर विश्वास ठेवू नका. झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो घ्या, ठिपके किती ते कळेल. ५डी असेल तर आरसा बोटाच्या टोकाने अलगद हलवून बघा: पहिल्या ५डीत आरसा सुटून पडायची तक्रार सर्वज्ञात आहे, आणि कॅनन तो फुकट पक्का करून देत असे, तेव्हा आधीच्या मालकाने करून घेतलाय का विचारा. कुणी स्वस्तात लायका एम९ दाखवला तर सेन्सरवरची काच गंजलेली नाही ना ते बघा, ते दुखणं त्या मॉडेलला होतं. ई-५०० आणि ५डीत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं. खाचेत टॉर्च मारून पिना सरळ आहेत का ते पैसे देण्याआधी पाहा. एक पिन जरी वाकलेली दिसली तरी कॅमेरा तिथेच ठेवून निघा.